पान एक्केचाळीसची कड

दोन प्रतींपैकी जी मळकी होती ती महिपतनं कापली आणि जी स्वच्छ होती ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवली. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानंही हेच केलं असतं, असं त्याची बायको दर्शना नंतर चार-पाचदा म्हणाली. पण त्या जागी दुसरा कुणी नव्हता, महिपतच होता.

महिपत पष्टे वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात अकरा वर्षं कागद स्कॅन करतोय. बँकांच्या फायली, सोसायट्यांची मिनिटबुकं, बंद पडलेल्या कंपन्यांची पगारपत्रकं. पुस्तक आलं तर त्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे काचेवर पालथं घालून एकेक पान करत बसायचं. त्यात अख्खी सकाळ जाते आणि मान धरते. दुसरी म्हणजे पुस्तक कटिंग मशीनखाली धरायचं, त्याची पाठ उडवायची आणि सुटी झालेली पानं फीडरमध्ये सोडायची. चहा येईपर्यंत काम खलास. अर्थात पुस्तकही खलास. म्हणून ज्याच्या दोन प्रती असतील त्यातलीच एक कापायची, असा गाळ्याचा नियम.

पायल रणपिसे नावाची मुलगी कापडी पिशवीतून चौदा पुस्तकं घेऊन आली ती सगळी तिच्या आजीनं लिहिलेली होती. आजी म्हणजे जाई रणपिसे, कल्याणच्या पालिकेच्या शाळेत छत्तीस वर्षं शिक्षिका. नऊ पुस्तकं गोष्टींची, पाच माहितीची. ‘टाकीवरचं माकड’, ‘उलट्या चपलेचा राजा’, ‘विहिरीच्या तळाशी कोण राहतं’, अशी नावं. त्यातलं एकही आता कुठल्या दुकानात मिळत नाही. छापणारा प्रकाशक कधीच वारला, त्याच्या मुलांनी गोदाम रिकामं करून तिथं जिम काढली. उरलं ते आजीच्या कपाटात. आता एक संस्था ती पुस्तकं नव्यानं छापून जिल्ह्यातल्या तीनशे शाळांना वाटणार होती. त्यासाठी हे स्कॅन.

बारा पुस्तकांची एकेकच प्रत होती, दोनांच्या दोन-दोन. त्या दोनांतलं एक ‘कुंपणाखालचे पाहुणे’. सापांविषयी, चौसष्ट पानं, साल एक्याऐंशी.

“ज्याच्या दोन आहेत त्यातली एक कापली तरी चालेल,” असं पायलनं मालकांना, म्हणजे प्रीतमशेठना सांगितलं. कुठली कापायची तेही सांगितलं. प्रीतमशेठनी मान डोलावली. प्रीतमशेठ एकोणतीस वर्षांचे आहेत आणि त्या वेळी कानाला फोन लावून दुसऱ्याच कुणाला तरी मान डोलावत होते. महिपतपर्यंत निम्मंच वाक्य पोचलं.

मळक्या प्रतीच्या समासांत पेन्सिलीनं इतकं गिरगटलं होतं की महिपतला वाटलं, कुणा कार्ट्याचे उद्योग. स्कॅनमध्ये घाण दिसेल म्हणून त्यानं पाठीबरोबर उरलेल्या तिन्ही बाजूही बोटभर उडवल्या. गठ्ठा कसा साबणाच्या वडीसारखा निघाला. त्यानं तो प्रीतमशेठना नेऊन दाखवलासुद्धा. “वा, महाराज,” शेठ म्हणाले. महिपत हे त्याच्या आजोबांचं नाव, त्याचा अर्थ राजा, आणि गाळ्यात ही थट्टा रोज होते.

शनिवारी दुपारी गाळ्यातला फोन वाजला. शेठ जेवायला गेलेले.

“पायल बोलतेय. सापाचं पुस्तक झालं का?”

“झालं ना मॅडम. एकदम क्लीन करून टाकलंय.”

“क्लीन म्हणजे? पेन्सिलवाली प्रत काचेवरच केलीत ना? स्वच्छवाली कापा सांगितलेलं मी. आजीनं पस्तीस वर्षं त्या पेन्सिलवालीत दुरुस्त्या केल्यात. नवीन मजकूर त्यावरूनच टाइप करायचाय.”

महिपतनं साबणाच्या वडीसारख्या त्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

“हॅलो?”

“हो मॅडम.”

“मंगळवारी येते घ्यायला. आणि जरा जपून हां. आजी त्या प्रतीला मलासुद्धा हात लावू देत नाही.”

फोन ठेवल्यावर महिपतनं गठ्ठ्याच्या चारी बाजूंवरून बोट फिरवलं.

महिपतच्या भित्रेपणाची आमच्या गाळ्यात ख्याती आहे. झोपण्याआधी तो गॅसचा रेग्युलेटर तीनदा बघतो. चौथ्यांदा दर्शना बघितल्यासारखं करते, त्याला बरं वाटावं म्हणून. अनोळखी नंबर तो वाजू देतो आणि नंतर तासभर तो कुणाचा असेल याची काळजी करतो. खिशात पास असून टीसी दिसला की याचा चेहरा असा होतो की टीसी नेमका यालाच थांबवतो. कुकरची शिट्टी व्हायची असेल तर तो गॅलरीत जाऊन उभा राहतो. “माझ्या नवऱ्याला घाबरायला कारण लागत नाही,” दर्शना शेजारणीला सांगते. “रविवारी सुट्टी असते, तेव्हा तो नुसताच घाबरतो.”

लोकांना वाटतं, हा जन्मतःच असा. तसं नाही. मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या अलीकडे त्याचं गाव आहे, आणि तिथले म्हातारे अजून सांगतात की पष्ट्यांचा धाकटा म्हणजे गावातलं सगळ्यात आगाऊ पोर. विहिरीच्या काठावरून उलटी उडी मारणारा, पोळ्याला बैलाच्या शिंगांना हात घालणारा. अकराव्या वर्षापर्यंत तो तसा होता. बाराव्यात नव्हता.

तर शनिवारी महिपतच्या हाती एकच आशा होती. कापलेल्या कडा, म्हणजे आमच्या धंद्यातलं कातरण, गोणीत भरून ठेवतात आणि सोमवारी सकाळी कातरणवाला ती नेतो. गोणी अजून कोपऱ्यात होती. महिपतनं ती खांद्यावर घेतली आणि दारात शेठ भेटले.

“महाराज, हे काय उचललंत?”

“शेठ, बायकोला पाहिजे. उशा भरायला.”

“कागदाच्या उशा?”

“गारवा राहतो म्हणे.”

प्रीतमशेठनी त्याच्याकडे जरा दयेनं पाहिलं आणि मान डोलावली.

रविवारी सकाळी डोंबिवलीतल्या त्या एका खोलीत गोणी ओतली तेव्हा जमीन दिसेनाशी झाली. महिना मे. पंखा लावायची सोय नव्हती, कागद उडतील म्हणून. दर्शनानं पदर खोचला आणि फतकल मारून बसली. बँकेचे कागद पांढरेफेक, पुस्तकाचे पिवळे पडलेले. त्यामुळे पहिली निवड सोपी गेली. तांदूळ निवडल्यासारखे पिवळे तुकडे तिनं सुपात टाकले. मग खरं काम. चौसष्ट पानांचे बत्तीस कागद, प्रत्येकाच्या तीन कडा. पेन्सिलीच्या रेघा पानावरून कडेवर गेलेल्या असायच्या. रेघेला रेघ जुळली की पानाला कड मिळाली. महिपत चिकटपट्टी लावत होता.

“तुम्ही पट्टी नका लावू,” दर्शना म्हणाली. “वाकडी लावताय. वाचून दाखवा नुसतं, मी लावते.”

बाईंच्या दुरुस्त्या वाचायला मजा होती, मनात भीती नसती तर. ‘साप दूध पितो’ हे वाक्य छापील मजकुरात नव्हतंच, पण समासात लिहिलं होतं: “मुलं हे विचारणारच. इथे स्पष्ट सांगायला हवं की पीत नाही.” धामणीच्या चित्राखाली: “चित्रकारानं शेपूट तोकडी काढली आहे. बिचारी धामण.” एका ठिकाणी नुसतंच: “हे वाक्य कुणी लिहिलं? मी? कमाल आहे.”

“गोड बाई दिसते,” दर्शना म्हणाली.

“शिक्षिका आहे ती,” महिपत म्हणाला. त्याच्या मते या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

दुपारी चारपर्यंत सगळ्या कडा लागल्या, एक सोडून. एक्केचाळीसाव्या पानाची बाहेरची कड कुठंच नव्हती. त्यांनी गोणी उलटी करून झटकली, सूप पाहिलं, एकमेकांचे पाय पाहिले. कड नव्हती.

मग महिपतनं ते पान पहिल्यांदा नीट वाचलं.

“साप चावल्यास घाबरून जाऊ नये. चावलेल्या जागेच्या वर दोरी अथवा रुमाल करकचून बांधावा, म्हणजे विष वर चढत नाही.”

‘करकचून’ या शब्दाखाली पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या. इतक्या दाबून मारलेल्या की कागद फाटला होता. तिथून एक बाण निघाला होता, आणि तो जिथं कड असायला हवी तिथं तुटला होता.

महिपतनं त्या शब्दावर बोट ठेवलं.

त्याला तो शब्द आठवत होता. गावच्या शाळेच्या पेटीत एक कव्हर नसलेलं पुस्तक होतं, सापांच्या चित्रांचं, आणि त्यातल्या या शब्दाचा अर्थ त्यानं गुरुजींना विचारला होता. गुरुजींनी हाताची मूठ वळून दाखवली होती. पुढल्या श्रावणात बांधावर गवत कापताना कुंडलिकदादाला घोणस चावली. दादा सोळाचा, महिपत अकराचा. आईबाप पलीकडच्या खाचरात. महिपतला काय करायचं ते माहीत होतं. अख्ख्या गावात त्या दिवशी त्यालाच एकट्याला माहीत होतं. त्यानं बैलाचं दावं सोडलं, दादाच्या गुडघ्याखाली गुंडाळलं, मांडीला आपला पाय लावून ओढलं आणि तीन गाठी मारल्या. दादा ओरडत होता, सोड म्हणत होता. महिपतनं सोडलं नाही. मग माणसं आली, बाज आली, जीप मिळायला उशीर झाला, मुरबाडवरून पुढच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

तिथल्या डॉक्टरनं बाहेर येऊन विचारलं होतं, “दोरी कुणी बांधली? विषाला इंजेक्शन आहे हो आमच्याकडे. पाय विषानं नाही चालला, दोरीनं चाललाय.”

बाप जमिनीकडे बघत राहिला. महिपत पाण्याच्या पिंपामागे उभा होता. कुणीच उत्तर दिलं नाही. दादाचा पाय गुडघ्याखालून काढला. बाप पुढे वारला, आई वारली, आणि डॉक्टरचा तो प्रश्न आजपर्यंत तसाच आहे. दवाखान्यात पोचेपर्यंत दादाची शुद्ध गेलेली होती. त्याला काय आठवतं, हे विचारायची महिपतची एकोणतीस वर्षांत छाती झालेली नाही.

“एक कड गेली तर काय एवढं?” दर्शना घाम पुसत म्हणाली. “चांगल्या प्रतीवर बाकीच्या दुरुस्त्या उतरवा, या पानाचं राहू द्या. ब्याऐंशी वर्षांची म्हातारी, तिला कुठं आठवतंय.”

हे महिपतच्याही मनात आलं होतं. सोपं होतं. मंगळवारी पायल पिशवी घेऊन जाईल, कुणाला काही कळणार नाही. तीनशे शाळा, तीनशे पेट्या. त्यांपैकी एखाद्या पेटीशी एखादं आगाऊ पोर बसलेलं असेल आणि गुरुजींना शब्दाचा अर्थ विचारत असेल.

“मला बाईंकडे जायला पाहिजे,” तो म्हणाला.

दर्शनानं हात थांबवून त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला बारा वर्षं झाली, पण हा माणूस आपणहून कुणाच्या दारी जातो असं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

सोमवारी त्यानं अर्धी रजा टाकली. पावतीवर पत्ता होता, ठाकुर्ली पूर्व, तळमजला. तो त्या इमारतीवरून तीनदा पुढे गेला. चौथ्यांदा वॉचमननं विचारलं, “किसको ढूंढ रहा है?” तेव्हा उत्तर द्यावं लागलं आणि उत्तर दिल्यावर आत जावं लागलं.

दार उघडलं ते एका बुटक्या, ताठ म्हातारीनं. जाड भिंगाचा चष्मा, हातात आणखी एक भिंग.

“पायल बँकेत आहे,” ती म्हणाली. “तुम्ही कोण?”

“स्कॅनिंगवाला. महिपत पष्टे.”

“चपला बाहेर. पिशवीत काय आहे?”

भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली टेबल, टेबलावर टोक केलेल्या सात पेन्सिली एका रांगेत. त्या रांगेकडे पाहूनच महिपतनं शर्टाचं वरचं बटण लावलं. त्यानं चिकटपट्ट्या लावलेला गठ्ठा टेबलावर ठेवला आणि घरून पाठ करून आणलेली वाक्यं बोलायला गेला, तर त्यांतलं एकच बाहेर पडलं.

“बाई, मी कापलं.”

बाईंनी गठ्ठा जवळ ओढला. रागावल्या नाहीत. तेच जास्त भयानक होतं. त्या गृहपाठ तपासावा तशी पानं उलटू लागल्या, बोट फिरवत, एकेक चिकटपट्टी तपासत.

“ही कुणी लावली?”

“बायकोनं.”

“सरळ लावते. आणि ही?”

“मी.”

“तरीच.”

चाळीसाव्या पानापर्यंत त्या गेल्या. एक्केचाळीसावर हात थांबला. त्यांनी भिंग खाली ठेवलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

“इथली कड?”

“नाही मिळाली, बाई. सगळं शोधलं. तिथं काय लिहिलं होतं ते तुम्ही सांगा, मी उतरवून घेतो. त्यासाठीच आलोय.”

“मला आठवत नाही,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. “तिथं मी वीसेक वेळा लिहिलं आणि खोडलं. शेवटी काय ठेवलं ते त्या कडेवरच होतं.”

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मग बाईंनी विचारलं, “बाकीच्या दुरुस्त्या उतरवून हे एक पान तसंच दिलं असतंस, तर मला कळलं नसतं. माझी नजर आता पायलच्या भरवशावर. का आलास?”

आणि महिपतनं सांगितलं. कव्हर नसलेलं पुस्तक, दावं, तीन गाठी, पाण्याचं पिंप. आजवर त्यानं हे दर्शनालासुद्धा सांगितलं नव्हतं. सांगताना तो टेबलावरच्या पेन्सिलींकडे बघत होता, त्यामुळे बाईंच्या चेहऱ्यावर काय होतंय ते त्याला दिसलं नाही. वर पाहिलं तेव्हा त्या खुर्चीची कड धरून बसल्या होत्या.

“कोणता पाय?” त्यांनी विचारलं.

“डावा.”

“साल?”

“शहाण्णव.”

“मी अठ्ठ्याऐंशीतच बंद केलं होतं हे पुस्तक,” बाई म्हणाल्या. त्या त्याला सांगत होत्या की स्वतःला, कळेना. “मला एका बापाचं पत्र आलं. शहापूरकडचा. तुमच्या पुस्तकात होतं तसं मुलीच्या हाताला बांधलं, मुलगी वाचली, फक्त हात गेला, आपले फार उपकार आहेत. आभाराचं पत्र होतं रे ते. मी ते वर्गात वाचून दाखवणार होते. आधी एका डॉक्टरांना दाखवलं, आणि त्यांनी मला खुर्चीत बसवून समजावलं. आम्ही सगळे तेव्हा तसंच शिकवत होतो, तुमचा दोष नाही म्हणाले. दोष नाही म्हणे.” त्यांनी पाणी प्यायलं. “प्रकाशकाला छपाई थांबवायला लावली. शाळांना पत्रं टाकली, प्रती परत पाठवा म्हणून. दोनशे आल्या. सातशे आल्या नाहीत. तेव्हापासून दारावरची बेल वाजली की मला वाटतं, त्या सातशेंतलं कुणीतरी आलं.”

महिपत आयुष्यभर ज्यांना घाबरत आला त्यांच्यात शिक्षक पहिले होते. आपल्याला बघून एखादी शिक्षिका घाबरेल, ही गोष्ट त्याच्या हिशेबात नव्हती. त्याला ते मुळीच आवडलं नाही.

“बाई, मी भांडायला नाही आलो,” तो म्हणाला.

“ते दिसतंय. भांडणारा माणूस असा खुर्चीच्या टोकावर बसत नाही.” बाईंनी नाक पुसलं आणि एक पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली. “स्वच्छ प्रत आणलीस ना? ती काढ. पान एक्केचाळीस. मी सांगते, तू लिही. माझा हात हलतो.”

“माझाही हलतोय.”

“मग हळू लिही.”

त्यांनी सांगायला सुरुवात केली. “साप चावल्यास चावलेल्या जागेच्या वर दोरी घट्ट बांधू नये.”

महिपतनं लिहिलं आणि थांबला. बोलावं की नाही, यावर त्याच्या तोंडात जीभ दोनदा वळली. “बाई, हे नको.”

“का?”

“पोरगं म्हणेल, घट्ट नको ना, मग सैल बांधतो. आणि मग त्याला वाटेल, अजून थोडी आवळू. बांधूच नका, असं लिहा. दोरी, रुमाल, काहीच नको.”

बाईंनी त्याच्याकडे भिंगातून पाहिलं. एक डोळा केवढा तरी मोठा दिसला. “खोड,” त्या म्हणाल्या. “तुझं लिही.”

तासभर ते चाललं. दोरी बांधू नका. ब्लेडनं कापू नका, तोंडानं ओढू नका. चावलेल्याला चालवू नका, हातपाय हलवू देऊ नका. मोठ्या माणसाला हाक मारा आणि लगेच दवाखान्यात न्या; सापाच्या विषावर तिथं इंजेक्शन असतं. ‘लगेच’ की ‘ताबडतोब’ यावर बाई दहा मिनिटं अडून बसल्या. ‘घाबरू नका’ हे छापील वाक्य ठेवायचं का, असं महिपतनं विचारलं.

“काढून टाक,” बाई म्हणाल्या. “घाबरलेल्याला घाबरू नको म्हणून काय होतं? ‘घाबरलात तरी चालेल, पण दोरी बांधू नका,’ असं लिही.”

महिपतनं ते लिहिलं. या पानावरचं ते एकच वाक्य त्यानं न थरथरता लिहिलं.

“आता शेवटचं,” बाई म्हणाल्या. “नुसतं नको म्हटलेलं मुलांना पटत नाही. का नको ते सांगायला लागतं, आणि मोघम नाही, खरं. लिही: एका मुलाच्या पायाला दोरी बांधली. ती इतके तास राहिली. त्याचा पाय गेला. किती तास?”

“माहीत नाही, बाई.”

“अंदाजे?”

“दुपार होती. जीपमध्ये अंधार झालेला. पण बांधली कधी आणि सोडली कधी…” त्यानं मान हलवली. “मी लहान होतो.”

“भावाला माहीत असेल. त्याचा पाय होता.” बाईंनी सहज सांगावं तसं सांगितलं. “आकडा विचारून ये. मी अंदाजानं लिहीत नाही. एकदा लिहिलं, ते पुरलं.”

‘इतके’च्या जागी त्यानं बोटभर जागा मोकळी सोडली.

“आणि पायलला मी सांगते,” निघताना बाई म्हणाल्या. “तू तिला फोन करू नकोस, ती ओरडते. तुझ्या मालकाला काही कळायची गरज नाही. ओळ रिकामी आहे तोवर ती छापायची नाही. पहिल्या छपाईत तेवढी वगळू, बाकी पान जाऊ दे. दुसऱ्या छपाईत घालू. तोवर तू आकडा आणतोस.”

“आणतो, बाई.”

“तू आता लगेच हो म्हणालास ते मला बरोबर वाटत नाहीये. पण ठीक आहे.”

पहिली छपाई निघाली. जिल्ह्यातल्या तीनशे शाळांत ‘कुंपणाखालचे पाहुणे’ गेलं आणि त्याच्या एक्केचाळीसाव्या पानावर दोरी नाही. पायलनं दोन प्रती गाळ्यात आणून दिल्या. प्रीतमशेठनी एक चाळली आणि म्हणाले, “महाराज, काय मस्त क्लीन आलंय बघा.” महिपतनं ती प्रत त्यांच्या हातून घेऊन एक्केचाळीसावं पान पुन्हा वाचलं.

दुसरी प्रत घेऊन तो कल्याणहून एसटी धरून गावी गेला. कुंडलिकदादाचं किराणाचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं. दादानं लाकडी पाय काढून भिंतीला टेकवून ठेवलेला आणि तो खुंटाला खोबरेल चोळत बसलेला. महिपतनं पुस्तक पिशवीतून काढलं नाही.

“काय रं, आज लय गप?” दादा म्हणाला. “दर्शनानं काढला काय घराबायर?”

“नाय.”

“मंग? नोकरी गेली?”

“नाय दादा. सहज आलेलो.”

“सहज तू कधी आलास?” दादानं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. “बोल की. मी काय खातो तुला?”

महिपतनं तोंड उघडलं. एवढंच विचारायचं होतं की किती वेळ होती, दादा. तीन तास? चार? त्यात कुणी बांधली हे कुठंच येत नव्हतं. पण ‘कधी बांधली’ म्हटलं की दादा आठवायला लागणार, आणि आठवायला लागला की त्याला बांध दिसणार, बैल दिसणार, आणि मांडीला लावलेला तो लहान पाय दिसणार.

“औंदा आंबा कसा आहे?” महिपतनं विचारलं.

“आंब्याला काय धाड भरलीय,” दादा म्हणाला आणि पाय चढवायला लागला.

चारच्या एसटीनं महिपत परत आला. गुरुवारी बाईंचा फोन आला.

“दुसऱ्या छपाईची पानं पायल पुढच्या महिन्यात देतेय. विचारलंस का?”

“विचारतो, बाई.”

“आंबे खाऊन आलास म्हणे. मघा फोन दर्शनानं घेतला, ती सांगत होती.”

“हो, बाई.”

“मी ब्याऐंशीची आहे, महिपत. मला एक आकडा पाहिजे, तुझं आत्मचरित्र नको.”

“हो, बाई. या सुट्टीला नक्की.”

बाईंनी फोन ठेवला. त्या ओळीत बोटभर जागा अजून मोकळी आहे.